अवर्षणाचें चक्र आणि उष्ण प्रदेशांतील वनस्पती

कमिटीच्या निवेदनांत वर्गणीचे आंकडे व चाराछावण्यांचा वृत्तांत येतोच. त्याच्या जोडीस हें थोडेंसें शास्त्रीय विवेचन देण्याचें कारण असें कीं, वर्गणी मागावयास गेलेल्या स्वयंसेवकांस दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. पहिला : अवर्षण जर सृष्टिक्रमानेंच येतें व जातें, तर मनुष्यानें त्यांत काय करावयाचें ? दुसरा : एकदां पाऊस लागल्यावर मग मदत कशाला ? दोन्ही प्रश्न सुशिक्षित व उदार गृहस्थांकडून येतात. सबब ते उडवून न लावितां त्यांस उत्तर देणें प्राप्त आहे.

थंड देशांत झाडाची वाढ उन्हाळ्याच्या उबेवर अवलंबून असते. आपल्या उष्ण कटिबंधांत ऊब बारा महिने आहे. म्हणून येथें वाढीचें मान बहुतेक ठिकाणीं पाण्यावर ठरतें. पानाच्या अंगावर सूक्ष्म रंध्रें असतात. त्यांतून झाड हवेंतील कर्बाम्ल वायु आंत घेऊन सूर्यप्रकाशाच्या साह्यानें आपलें अन्न तयार करितें; परंतु रंध्र उघडें असतां आंतील पाण्याची वाफ बाहेर जाते, आणि हा व्यवहार मोठा महागाचा आहे. एक शेर कोरडें पीक तयार होण्यास ज्वारीला सुमारें ३०० शेर व गव्हाला सुमारें ५०० शेर पाणी लागतें. जमिनींतील ओल आटूं लागली म्हणजे झाड रंध्रें मिटून घेतें. पाणी वांचतें, पण अन्न तयार होणें थांबतें. शिवाय रात्री उष्ण असल्या तर श्वसनानें सांचलेलें अन्नही अधिक वेगानें खर्च होतें. आपली ज्वारी या बाबतींत मोठी शहाणी आहे. ताण पडतांच ती पानें गुंडाळून वाढ थांबविते व पाऊस पडल्यावर पुन्हां वाढूं लागते. मक्यास हें साधत नाहीं. तुरा व कणीस येण्याच्या वेळीं ताण पडला कीं दाणा भरतच नाहीं. आमच्या पूर्वजांनीं देशावर ज्वारी-बाजरी कां धरिली, याचें उत्तर यांत आहे.

आतां हा पाऊस कांहीं सालीं कां फिरतो तें पाहूं. पॅसिफिक महासागरावर विषुववृत्ताजवळ वारे सामान्यतः पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात व वरचें ऊन पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. पेरूच्या किनाऱ्याशीं खालचें थंड पाणी वर येतें. दोन ते सात वर्षांच्या अनियमित अंतरानें हे वारे मंदावतात आणि ऊन पाणी पूर्वेकडे सरकतें. हा प्रकार नाताळच्या सुमारास दिसतो, म्हणून पेरूच्या कोळ्यांनीं त्यास 'एल निनो', म्हणजे बाळ येशू, असें नांव दिलें. जेथें पाणी ऊन तेथें हवा वर चढते व पाऊस पडतो. तें स्थान सरकलें म्हणजे इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया व आपला देश यांवर हवा खालीं उतरूं लागते आणि मेघ विरतात. याच्या उलट स्थितीस 'ला निना' म्हणतात. या शोधाचा अर्धा भाग हिंदुस्थानांतच लागला. केंब्रिजचे गणिती सर गिल्बर्ट वॉकर हे १९०४ सालीं येथील वेधशाळांचे मुख्य झाले. १८७७ व १८९९ च्या अवर्षणांनंतर मोसमी पावसाचें भाकीत कसें करावें, हा सरकारपुढें प्रश्न होता. त्यासाठीं जगभरचे आंकडे ताडून पाहतां त्यांस हवेच्या दाबाचा एक मोठा झोका दिसला. त्यास त्यांनीं १९२४ सालीं 'दक्षिण आंदोलन' असें नांव दिलें. तो झोका आणि पेरूचें ऊन पाणी हीं एकाच यंत्राचीं दोन अंगें होत, हें याकोब ब्येर्क्नेस यांनीं १९६९ सालीं दाखविलें.

गंमत अशी कीं, जें साल आपणांस वैऱ्याचें तेंच दुसऱ्या कोणास सुकाळाचें असतें. १९९७-९८ च्या एल निनोंत पेरूच्या सेचुरा वाळवंटांत इतका पाऊस झाला कीं तेथें विस्तीर्ण सरोवर बनलें व वाळूवर गवत उगवलें. तेथील अल्गारोबो नांवाचा वृक्ष, जो आपल्या शमीचा भाऊबंद, अशाच सालीं नवीं रोपें धरितो. त्याच सालीं इंडोनेशियाचीं अरण्यें मात्र वाळून पेटलीं. उलट २०१०-११ च्या ला निनांत ऑस्ट्रेलियाचा कोरडा अंतर्भाग हिरवागार झाला, आणि त्या एका वाढीनें हवेंतील कर्बाचा इतका मोठा अंश ओढून घेतला कीं साऱ्या जगाच्या हिशेबांत तो दिसून आला. २०१५-१६ च्या एल निनोंत याच्या नेमकें विरुद्ध घडलें. दक्षिण अमेरिकेंत अवर्षणानें झाडांची वाढ खुंटली, आफ्रिकेंत उष्णतेनें कुजणें व श्वसन वाढलें, इंडोनेशियांत आगी लागल्या; हिशेब तिन्हींकडे तुटीचाच.

एल निनो हें अवर्षणाचें अनुमान आहे, निकाल नव्हे, हें मात्र वकिलाच्या नात्यानें बजावून सांगितलें पाहिजे. १९७२, २००२ व २००९ सालीं एल निनो होता व पाऊसही बुडाला. २००९ ची तूट २२ टक्के होती. परंतु १९९७ चा एल निनो अत्यंत प्रबळ असूनही देशाचा पाऊस पुरा झाला. त्या सालीं हिंदी महासागराच्या पश्चिम भागांतील ऊन पाण्यानें आपली बाजू राखली असें मानितात. उलटपक्षीं २०१२-१३ त जालन्याकडील मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हां पॅसिफिकांत असा कांहीं विशेष प्रकार नव्हता. तथापि दीर्घकालाचा पुरावा बळकट आहे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं केरळांतील सागाच्या खोडांचीं पांचशें वर्षांहून अधिक काळाचीं वलयें मोजलीं. एल निनोमुळें पाऊस तोकडा पडलेल्या सालांत वलय बारीक पडल्याचें त्यांत दिसतें. कोणत्याही पक्षकाराच्या सांगण्यावरून न लिहिलेला असा दस्तऐवज आम्हांस कोर्टांत क्वचितच मिळतो.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर यांतूनच निघतें. अवर्षण सृष्टीचें आहे. दुष्काळ बव्हंशीं माणसांच्या व्यवस्थेचा आहे. १८७७ सालीं दख्खन, उत्तर चीन व ब्राझीलचा ईशान्य भाग हे एकाच चक्रांत सांपडले व लाखों माणसें मेलीं. १९७२ चें अवर्षण आपल्या प्रांतांत कमी कडक नव्हतें. पण १९७३ च्या मे महिन्यांत सुमारें पन्नास लक्ष मजूर दुष्काळी कामांवर होते व तसा संहार टळला. करारनाम्यांत अवर्षणास दैवी आपत्तींत घालण्याची आम्हां वकिलांची वहिवाट आहे. ज्या आपत्तीची चाहूल कांहीं महिने आधीं लागूं शकते ती कितपत दैवी, हा वादाचा मुद्दा होईल.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पिकाच्या वाढींत आहे. २०२३ च्या ऑगस्टांत देशाचा पाऊस ३६ टक्क्यांनीं कमी पडला. १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झालेला नव्हता. पुढें सप्टेंबरांत पाऊस आला खरा, पण फुलोऱ्यांत गेलेला ताण त्यानें भरून निघत नाहीं. नव्या सालीं मृग वेळेवर लागला तरी शेतकऱ्याच्या घरांत दाणा लगेच येत नाहीं. बाजरी आश्विनाच्या सुमारास निघते. सोलापूर-बीडकडील काळ्या रानांतील रब्बी ज्वारी तर उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरितात, आणि ती माघ-फाल्गुनांत घरीं येते. गवत त्याआधीं उगवतें, पण पहिले कांहीं आठवडे तें जनावरांच्या तोंडीं लागत नाहीं; आणि याच आठवड्यांत पेरणीसाठीं बैलांस सर्वांत अधिक कष्ट पडतात. ज्यानें कडब्यासाठीं बैल विकला व पोटासाठीं बियाणें खाल्लें, त्याच्या रानावर पाऊस पडून उपयोग काय ? म्हणून कमिटी आपल्या छावण्या पहिल्या पावसाबरोबर बंद करीत नाहीं, आणि कडबा, बियाणें व रोख वर्गणी आषाढअखेरपर्यंत स्वीकारीत असते.