सायकलकार

सायकलकार ही मोटारसायकलचे इंजिन व इतर सुटे भाग वापरून तयार केलेली लहान, हलकी आणि स्वस्त मोटारगाडी होय. या गाड्या साधारणतः १९१० ते १९२५ या काळात प्रामुख्याने फ्रान्स व ब्रिटनमध्ये बनत असत. नावात 'सायकल' असली तरी त्यांना पायडल मारावे लागत नसे. मोटारसायकलवर भागत नाही आणि पूर्ण आकाराची मोटार परवडत नाही, अशा मध्यमवर्गीय ग्राहकासाठी ही मधली सोय होती.

रचना

इंजिन बहुधा एक किंवा दोन सिलिंडरचे व हवेने थंड होणारे असे. त्याची शक्ती मागील चाकांना साखळीने अथवा चामडी पट्ट्याने मिळे. चौकट बऱ्याचदा लाकडी असे आणि आसने जेमतेम दोन. फ्रान्समधील रोबेर बूर्बो व आंरी दव्हो यांची 'बेदेलिया' (१९१०) हे या काटकसरीचे टोकाचे उदाहरण. तिच्यात चालक मागे व प्रवासी पुढे बसे, तर पुढचा आस तारेच्या दोराने वळवला जाई. ब्रिटनमध्ये एच. एफ. एस. मॉर्गन यांनी तीनचाकी गाडी बनवली. तिचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत चालू राहिले.

व्याख्येचा वाद

डिसेंबर १९१२ मध्ये मोटारसायकल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने सायकलकारची व्याख्या ठरवली. मोठ्या वर्गासाठी ३५० किलो वजन व ११०० घनसेंमी इंजिन, तर लहान वर्गासाठी ३०० किलो व ७५० घनसेंमी अशी कमाल मर्यादा होती. तरीही वाद मिटला नाही. १९१३ मध्ये अम्याँ येथील शर्यतीत मॉर्गन पहिली आली, परंतु तीन चाकांची गाडी म्हणजे साइडकार होय, असे ठरवून आयोजकांनी पहिला क्रमांक बेदेलियाला दिला. गाडीचा वर्ग कोणता, यावर बक्षीसच नव्हे तर करही अवलंबून असे. त्यामुळे हा प्रश्न केवळ शब्दांचा नव्हता. १९२२ मध्ये चार सिलिंडरची 'ऑस्टिन सेव्हन' बाजारात आली आणि थोड्या अधिक पैशांत खरी मोटार मिळू लागल्यावर सायकलकारची मागणी ओसरली.

महाराष्ट्रातील समांतर वाहने

सायकलकार या नावाने महाराष्ट्रात उद्योग उभा राहिला नाही. मात्र तीच गरज येथे वेगळ्या रूपांनी भागवली गेली. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून 'मीरा' या छोट्या मोटारीचे नमुने स्वतः तयार केले. पुढील सुमारे अडीच दशके ते त्यात सुधारणा करीत राहिले, पण मोटारीचे व्यापारी उत्पादन कधीच सुरू झाले नाही. परवाना-पद्धतीच्या त्या काळात कल्पकता पुरेशी नसे.

यश मिळाले ते तीन चाकांना. इटलीच्या पियाज्यो कंपनीने 'व्हेस्पा' स्कूटरवरून १९४८ मध्ये 'आपे' हे तीनचाकी वाहन काढले. बजाज समूहाने आयात करून व पुढे परवान्याखाली पुण्याजवळ बनवलेली ऑटोरिक्षा याच घराण्यातील. फिरोदिया यांच्या बजाज टेंपो कंपनीने जर्मनीच्या 'टेंपो' कारखान्याच्या सहकार्याने मालवाहू तीनचाकी बनवली. मूळ कंपनी केव्हाच विस्मरणात गेली, पण आंब्याच्या पेट्या किंवा लग्नाचे सामान नेणाऱ्या कोणत्याही लहान मालगाडीला मराठीत आजही 'टेंपो'च म्हणतात.

सायकलकारच्या सर्वांत जवळ जाणारे अलीकडचे वाहन म्हणजे बजाज ऑटोची 'क्यूट'. जानेवारी २०१२ मध्ये ती 'आरई६०' या नावाने सादर झाली. सुमारे २१६ घनसेंमीचे एक सिलिंडरचे इंजिन, जवळपास ४०० किलो वजन आणि ताशी ७० किमी कमाल वेग अशी तिची रचना आहे. ती रिक्षा नव्हे आणि नियमांनुसार मोटारही नव्हे. त्यामुळे तिच्यासाठी 'क्वाड्रिसायकल' हा स्वतंत्र वर्ग करावा लागला. सुरक्षिततेविषयीचे आक्षेप व न्यायालयीन वाद यांमुळे विक्री लांबली. खासगी वापरासाठी या वर्गाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये क्यूट महाराष्ट्रात विक्रीस आली.