फॉन्टन शस्त्रक्रिया

फॉन्टन शस्त्रक्रिया ही एकच सक्षम निलय घेऊन जन्मलेल्या मुलांवर टप्प्याटप्प्याने केल्या जाणाऱ्या उपचारांतील अंतिम शस्त्रक्रिया आहे. तिच्यात शरीराकडून परतणारे अशुद्ध रक्त निलयात न नेता थेट फुप्फुस धमनीत सोडले जाते. तिने मूळ दोष नाहीसा होत नाही. म्हणून ती उपशामक शस्त्रक्रिया मानली जाते.

पार्श्वभूमी

निरोगी हृदयात उजवे निलय फुप्फुसांकडे आणि डावे निलय शरीराकडे रक्त ढकलते. त्रिदल झडपेचा अभाव, अविकसित डावे हृदय अशा दोषांत एक निलय खुरटलेले असते आणि शुद्ध व अशुद्ध रक्त एकत्र मिसळते. फ्रान्सिस फॉन्टन यांनी १९६८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे त्रिदल झडप नसलेल्या रुग्णावर ही शस्त्रक्रिया प्रथम केली व १९७१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले.

टप्पे

पहिला टप्पा जन्मानंतर लवकरच येतो. फुप्फुसांना रक्त कमी पडत असल्यास कृत्रिम नलिका जोडतात. जास्त जात असल्यास फुप्फुस धमनीला पट्टा बांधून प्रवाह आवरतात. अविकसित डाव्या हृदयात नॉरवूड शस्त्रक्रिया करून महाधमनी नव्याने घडवावी लागते. साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात ग्लेन शस्त्रक्रियेने ऊर्ध्व महाशिरा फुप्फुस धमनीला जोडतात. साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात अधो महाशिराही जोडली की फॉन्टन अभिसरण पूर्ण होते.

निष्पत्ती

अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९७३ ते २०१२ या काळातील १,०५२ रुग्णांचा आढावा घेतला. त्यात १०, २० आणि ३० वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ७४, ६१ आणि ४३ टक्के होते. २००१ नंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत मात्र १० वर्षांनंतरचे प्रमाण सुमारे ९५ टक्के आढळले.

या अभिसरणात फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा पंप नसल्याने शिरांतील दाब कायम वाढलेला राहतो. त्यामुळे यकृतात तंतुमयता, आतड्यांतून प्रथिनांचा ऱ्हास, हृदयतालातील बिघाड व रक्ताच्या गुठळ्या असे विकार संभवतात. रुग्णाला आयुष्यभर तपासणी आवश्यक असते. काहींना पुढे हृदय प्रत्यारोपण करावे लागते.

महाराष्ट्रातील निदान व उपचार

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्यानुसार फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा, तर शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. जन्मजात हृदयदोषांचाही त्यात समावेश आहे. दौंड तालुक्यातील राहूसारख्या गावांतील संशयित बालकांना पुढील निदानासाठी पुण्यासारख्या शहरात जावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे.

एकनिलयी दोषात वेळेला विशेष महत्त्व आहे. ओठ व नखे निळी पडलेले बाळ लवकर लक्षात येते. फुप्फुसांकडे जास्त रक्त जाणारे बाळ मात्र फारसे निळे दिसत नाही; दूध पिताना दमणे, घाम येणे आणि वजन न वाढणे एवढीच लक्षणे दिसतात. पहिल्या काही महिन्यांत प्रवाह आवरला नाही, तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या कायमच्या जाड होतात. रक्त पंपाविना फुप्फुसांतून वाहण्यासाठी तेथील रोध कमी असावा लागतो. तो वाढल्यास फॉन्टन शस्त्रक्रिया करता येत नाही. म्हणून नवजात बालकाच्या रक्तातील प्राणवायूची पातळी मोजणे आणि शंका येताच हृदयाची सोनोग्राफी करणे महत्त्वाचे ठरते.