गोबरगॅसची शेगडी का पेटत नाही?



परवा ऊस नोंदीसाठी गटात फिरताना एका सभासदाच्या घरी आम्ही चहाला थांबलो. गोबरगॅसची टाकी चांगली वर आलेली, पण शेगडी थंड. घरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, आपली चूलच बरी हुती." आम्ही नळीचा खालच्या अंगाचा जोड सोडला, तर तांब्याभर पाणी निघाले. दहा मिनिटांत शेगडी पेटली. एवढ्यासाठी महिनाभर संयंत्र बंद होते!

म्हणून शेगडी पेटेना तर पुढील क्रमाने पाहावे.

१) संयंत्र नवे आहे काय? पहिल्या वायूत हवा व कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तो जळत नाही. आसपास विस्तव, विडी नाही हे पाहून पहिली टाकी उघड्यावर सोडून द्यावी.

२) टाकी वर आहे, पण शेगडीत वायू येत नाही किंवा ज्योत फडफडते? मग नळीत पाणी साचले आहे. कॉक बंद करून पाणी काढावे. नळीला पाणी काढण्याच्या जागेकडे उतार ठेवावा.

३) वायू येतो, पण ज्योत टिकत नाही? उतू गेलेल्या दुधाने बर्नरची भोके बुजतात. ती तारेने साफ करावीत. ज्योत उचलून विझत असेल तर हवेचे भोक थोडे झाकावे. सिलिंडरच्या गॅसची शेगडी तशीच जोडू नये. तिचे भोक बारीक असते. गोबरगॅसला मोठे लागते.

४) टाकीच वर येत नाही? दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण व तेवढेच पाणी लागते. दोन म्हशींच्या शेणावर ते पुरे पडणार नाही. थंडीत वायू कमी होतो; तेव्हा उन्हात तापलेले पाणी वापरावे. गोठा धुतलेले फिनेलचे पाणी आत जाऊ देऊ नये, जिवाणू मरतात. गळती साबणाच्या फेसाने शोधावी, काडी लावून कधीही नाही.

आता जिवाची गोष्ट. आधी काडी पेटवावी, मग कॉक उघडावा. घरात कुजक्या अंड्यासारखा वास आला तर काडी ओढू नये, दिव्याचे बटण दाबू नये. कॉक बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. आणि दुरुस्तीसाठी खड्ड्यात कोणीही उतरू नये. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही. हे काम माहीतगारावरच सोपवावे.

संयंत्र चालू राहिले तर माउलीच्या डोळ्यांतला धूर जातो, आणि बाहेर पडणारी मळी पाटाच्या पाण्यातून उसाला देता येते. गोवऱ्या थापल्या तर ते खत चुलीत जाते. अडचण आली तर गट कार्यालयात निरोप ठेवावा. आमचा माणूस येऊन पाहील.

— ऊस विकास अधिकारी