बैलबेडकातील लैंगिक निवड व प्रजनन वर्तन : टिटवाळा परिसराच्या संदर्भात

डार्विन यांनी 1871 मध्ये विस्ताराने मांडलेली लैंगिक निवडीची संकल्पना समजून घेण्यास टिटवाळ्यासारख्या, काळू नदीकाठच्या भातखाचरांच्या प्रदेशात भारतीय बैलबेडूक, म्हणजे हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस, हे उत्तम उदाहरण ठरते. एरवी हिरवट-तपकिरी असणारा नर पहिल्या दमदार पावसानंतर पिवळाजर्द होतो. त्याचे स्वरकोश निळे दिसू लागतात. उथळ पाण्यात अनेक नर एकत्र जमून डरावतात, एकमेकांवर झेपावतात. मादीचा रंग मात्र बदलत नाही. त्यामुळे अशा गर्दीत नर-मादी ओळखणे सुकर होत असावे. नर मादीला पाठीवरून घट्ट धरतो व अंडी पाण्यातच फलित होतात.

मात्र मादीला खुणावणारा हाच रंग व आवाज बेडूक पकडणाऱ्यासही वाट दाखवितो, आणि तोही नेमका अंडी घालण्यापूर्वी. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने 1987 मध्ये बंद केली. तथापि खाचरांवर भराव पडत गेल्यास, नराचा रंग व आवाज शाबूत असूनही, अंड्यांना पाणी उरत नाही; निर्यातबंदीचा त्यावर काहीच उपाय नाही.