आतुर काया आणि अनातुर चित्त

पक्षाघाताचा रुग्ण घरी परतला की आप्तेष्ट त्याच्या हातापायांची विचारपूस करतात. मनाची विचारपूस क्वचितच होते. वस्तुतः पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य ग्रासते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. मेंदूला झालेली इजा आणि गमावलेले स्वावलंबन ही दोन्ही त्याची कारणे होत. काहींना अकारण रडू कोसळते किंवा हसू आवरत नाही. तेही त्या इजेचेच लक्षण होय.

हा मनाचा दुबळेपणा नव्हे, पूर्वजन्मीच्या पापाचे फळ तर नव्हेच. सर्व वेदना पूर्वकर्मामुळेच होतात, हे मत भगवंतांनी संयुक्त निकायातील सीवक सुत्तात अमान्य केले असून शरीरातील बिघाड, ऋतुबदल, आघात अशी कारणेही सांगितली आहेत.

त्याच निकायात भग्ग देशातील वृद्ध, व्याधिग्रस्त नकुलपिता भगवंतांकडे येतो. शरीर आतुर असले तरी चित्त आतुर होऊ नये, असा अभ्यास करण्यास ते त्याला सांगतात. सारिपुत्त याचा अर्थ उलगडतात : रूपादी पाच स्कंधांनाच जो 'मी' आणि 'माझे' मानतो, तो त्यांत पालट होताच शोकाकुल होतो. हा उपदेश अभ्यासाचा आहे. खचलेल्या रुग्णाला दोष देण्यासाठी तो वापरू नये.

असे चित्त संभवते काय? मेंदूच्या खोडाला इजा होऊन सर्वांग निश्चल झालेल्या आणि बहुधा डोळ्यांच्या हालचालींनीच बोलणाऱ्या रुग्णांची एक पाहणी फ्रान्समध्ये झाली. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील ६५ जणांपैकी ४७ जणांनी आपण सुखी असल्याचे सांगितले. उरलेल्या १८ जणांचे दुःखही तितकेच खरे होते.

मात्र चित्त एकट्याने सावरत नाही. अंगुत्तर निकायात नकुलपिता गंभीर आजारी असताना पत्नी नकुलमाता त्याला धीर देते : मी सूत कातीन, लोकर पिंजीन, मुलाबाळांना पोशीन, तुम्ही चिंता वाहू नका. पुढे तो बरा होऊन काठी टेकीत भगवंतांकडे जातो, तेव्हा भगवंत अशा पत्नीच्या लाभाबद्दल त्याला भाग्यवान म्हणतात. 'मी घराला भार झालो' हेच आपल्या रुग्णांचेही शल्य असते.

म्हणून आम्ही उपासक-उपासिकांना सुचवितो : झोप, भूक किंवा बोलण्यातील रस सतत कमी दिसल्यास वैद्यांना निःसंकोच सांगावे, समुपदेशन आणि औषधे यांचा उपयोग होतो. आणि रुग्णाच्या उशाशी बसून, नकुलमातेप्रमाणे, त्याची नेमकी चिंता कोणती हे आधी ओळखावे.