मेलेल्या बाळालाही कुंपणाबाहेर ठेवणारा धर्म

धर्माचा धाक खरा चालतो तो मरणानंतरच्या जगाच्या नावावर. जिवंत माणूस प्रश्न विचारतो, मेलेला विचारत नाही. म्हणूनच परलोकाचा नकाशा काढण्याचा मक्ता बहुतेक धर्मांच्या पुरोहितांनी स्वतःकडे ठेवला. कॅथलिक चर्चच्या नकाशातले स्वर्ग, नरक आणि शुद्धिस्थान आमच्या वाचकांनी ऐकलेले असतात. परंतु त्यात चौथीही एक जागा होती. बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर पडण्याआधीच मेलेल्या तान्ह्या बाळांची! तिचे नाव लिंबो. लॅटिनमध्ये 'लिंबस' म्हणजे काठ.

हा काठ निर्माण का झाला? पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने आदिपापाचा सिद्धांत पक्का केला. आदमचे पाप प्रत्येक बालक जन्मतःच घेऊन येते, ते बाप्तिस्म्यानेच धुतले जाते, म्हणून बाप्तिस्म्याविना मेलेले मूल नरकातच जाणार. फार तर त्याची शिक्षा सर्वांत सौम्य असेल, असे त्याचे म्हणणे. जन्माला येणे हाच गुन्हा! हा न्याय आम्हाला नवा नाही, जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारे शास्त्र आमच्या बापजाद्यांनी पाठीवर सोसले आहे. पुढे मध्ययुगातील पंडितांनाही ही क्रूरता पचेना. तेराव्या शतकातील थॉमस अॅक्वायनसने सांगितले की या बाळांना यातना नाहीत, मात्र ईश्वराचे दर्शनही नाही. म्हणजे शिक्षा माफ, पण दार बंद ते बंदच. विशेष असे की लिंबो हा चर्चचा अधिकृत सिद्धांत म्हणून कधी जाहीरच झाला नाही. ते पंडितांचे मत होते. पण गावोगावच्या आयांना ते मत म्हणून कोण सांगणार?

आयर्लंडमध्ये या मताने जमीन वाटून टाकली. पवित्र केलेल्या दफनभूमीत अशा बाळांना जागा नव्हती. त्यांच्यासाठी वेगळ्या जागा असत, त्यांना 'किलीन' म्हणत. ओसाड जुन्या गढीचे आवार, शेताची हद्द, समुद्राचा काठ, अशा त्या जागा. तेथे आत्महत्या केलेल्यांना आणि किनाऱ्याला लागलेल्या अनोळखी प्रेतांनाही पुरत. बाप किंवा घरातला कोणी पुरुष अंधारात लहानशी पेटी घेऊन जाई. धर्मगुरू नाही, प्रार्थना नाही. आई बाळंतिणीच्या खोलीत. खुणेला एखादा ओबडधोबड दगड, कुठे पांढरे गारगोटे. नाव मात्र नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही हे चालू होते. देशभरात अशी हजारावर ठिकाणे नोंदली गेली आहेत. गावकुसाबाहेरचे मसण ज्यांनी पाहिले, त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको.

याला कायद्याचा आधारही होता. 1917 साली जाहीर झालेल्या चर्चच्या कायदेसंहितेने बाप्तिस्मा न झालेल्यांना चर्चचा दफनविधी नाकारला. त्यातच एक सवलत आहे, ती पाहण्यासारखी आहे. बाप्तिस्म्याची तयारी करीत असलेला उमेदवार स्वतःच्या दोषाविना त्याआधी वारला, तर तो बाप्तिस्मा झालेल्यांतच धरावा! बोलू शकणाऱ्या प्रौढाची इच्छा मोजली गेली. ज्याला इच्छा सांगताच येत नाही त्या अर्भकाची, किंवा त्याच्या आईची, मोजली गेली नाही. 1983 च्या नव्या संहितेत आईबापांचा बाप्तिस्म्याचा मनोदय असेल तर बिशप दफनविधीची परवानगी देऊ शकतो, अशी तरतूद आली.

आणि 2007 च्या एप्रिलमध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाचा दस्तऐवज पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने प्रसिद्ध झाला. या बाळांचे तारण होईल अशी आशा बाळगण्यास गंभीर कारणे आहेत, असे त्यात म्हटले. आशा, खात्री नव्हे! लिंबो हे मत बाळगायलाही मुभा ठेवलीच. चूक झाली हा शब्द आम्हाला त्यात सापडत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मोक्षदाता आणि मार्गदाता असा भेद केला आहे. मोक्ष वाटण्याचा अधिकार एकदा कोणाच्या हाती दिला की तो नाकारण्याचा अधिकारही त्याच हाती जातो, तो असा.

आयर्लंडमधील लोक मात्र दस्तऐवजासाठी थांबले नाहीत. अनेक गावांनी झुडपे तोडून किलीन मोकळे केले, स्मृतिशिला उभारल्या, आणि धर्मगुरूंना तेथे येऊन आशीर्वाद द्यावा लागला. म्हाताऱ्या झालेल्या काही आयांना आपले मूल नेमके कुठे पुरले ते तोपर्यंत कोणी सांगितलेच नव्हते.