नेक्रोलेस्टिस : एका लुप्त प्राण्याचे वर्गीकरण

देवमासा माशासारखा दिसतो, परंतु तो मासा नव्हे. पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी होय. केवळ आकारावरून प्राण्याचे कुल ठरविता येत नाही, हे तत्त्व शाळेतच शिकविले जाते. तथापि ज्याची फक्त हाडेच उरली आहेत, अशा प्राण्याच्या बाबतीत तज्ज्ञांचीही कशी फसगत होते, याचे उद्‌बोधक उदाहरण म्हणजे नेक्रोलेस्टिस ही लुप्त प्रजाती.

दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशाच्या पॅटागोनिया भागात या प्राण्याचे जीवाश्म सापडले. ते सुमारे १ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचे आहेत. फ्लोरेंतिनो अमेगिनो या शास्त्रज्ञांनी १८९१ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. नेक्रोलेस्टिस या ग्रीक नावाचा अर्थ 'थडगी लुटणारा' असा आहे. वर वळलेले नाकाड आणि माती उकरण्यास योग्य असे भक्कम पुढचे पाय, यांवरून हा प्राणी मोलप्रमाणे जमिनीखाली राहत असावा, हे स्पष्ट होते.

प्रश्न होता तो त्याच्या नात्यागोत्याचा. युरोपातील मोल, आफ्रिकेतील सोनेरी मोल आणि ऑस्ट्रेलियातील पिशवीधारी मोल हे दिसण्यात सारखे असले, तरी त्यांची कुळे परस्परांपासून फार दूरची आहेत. मातीत बोगदे खणण्याचे काम एकच असल्याने त्यांना सारखी शरीरयष्टी लाभली. यालाच अभिसारी क्रमविकास म्हणतात. या साम्यामुळेच नेक्रोलेस्टिसला कोणी सोनेरी मोलचा, तर कोणी कांगारूप्रमाणे पिशवी असणाऱ्या प्राण्यांचा आप्त मानले. हा वाद शंभराहून अधिक वर्षे चालला.

त्याचा उलगडा दातांनी केला. २०११ मध्ये अर्जेंटिनातीलच क्रोनोपिओ या डायनोसॉरकालीन सस्तन प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या दाढांना एकाहून अधिक मुळे असतात; क्रोनोपिओच्या दाढांना मात्र एकच मूळ होते. नेक्रोलेस्टिसचे जुने नमुने अधिक स्वच्छ करून तपासले असता त्याच्या दाढाही तशाच आढळल्या. २०१२ मध्ये गिलेर्मो रूजिए, जॉन वाइबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष मांडला की, नेक्रोलेस्टिस मोलही नव्हे आणि पिशवीधारीही नव्हे. तो मेरिडिओलेस्टिडा या प्राचीन गटाचा वंशज होय.

या निर्णयाचे महत्त्व केवळ नाव बदलण्यापुरते नाही. ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या महासंहारात डायनोसॉर नष्ट झाले. त्यानंतर हा सस्तन गटही लवकरच संपला, अशी समजूत होती. प्रत्यक्षात त्याची एक शाखा पुढे सुमारे साडेचार कोटी वर्षे जमिनीखाली टिकून राहिली. संग्रहालयात जतन केलेली हाडे नव्या दृष्टीने पुन्हा पाहिली गेली, म्हणूनच एका संपूर्ण वंशाचा हा हरवलेला इतिहास उजेडात आला.